एक्केचाळिसावा नंबर: सोम्बोरचा निकोला योकिच एनबीएपर्यंत कसा पोचला

२६ जून २०१४. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता: संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडत होते. एक्केचाळिसाव्या नंबरला नाव आलं तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर एका फास्ट फूडची जाहिरात लागली होती. नाव पडद्याच्या खालच्या पट्टीवर आलं आणि गेलं. ज्याचं नाव होतं तो एकोणीस वर्षांचा मुलगा त्या वेळी सर्बियात झोपलेला होता. मोठा भाऊ नेमान्या न्यूयॉर्कमध्ये होता, त्याने आनंदाने फोन केला, आणि पलीकडून झोपमोड झाल्याची कुरकुर ऐकू आली.

हाच निकोला योकिच पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेन्व्हर नगेट्स हा संघ १९७६ मध्ये एनबीएत आला होता. त्याला पहिलं विजेतेपद २०२३ मध्ये मिळालं, ते याच्यामुळे. इतक्या मागच्या नंबरवरून येऊन सर्वोत्तम खेळाडू ठरलेला दुसरा कुणीही नाही. त्याच्याआधी हा मान मिळवणाऱ्यांमध्ये सगळ्यात खालचा नंबर पंधरावा होता.

मग आधीच्या चाळीस वेळा काय झालं? जगभर माणसं पाठवून, उंची, हातांची लांबी, उडी इंच-इंच मोजून निवड करणाऱ्या संघांना हा मुलगा दिसला कसा नाही? मला हा प्रश्न फार जवळचा वाटतो. मी शाळेतल्या मुलांचा बास्केटबॉलचा सराव घेतो, आणि कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं हे दर जूनमध्ये मलाही ठरवावं लागतं. म्हणून हा सगळा प्रवास मी जमेल तितका मुळापासून समजून घेतला. तोच इथे सोपा करून सांगतो.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते पाहू

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. खेळाडूचं नाव येतं, बोली लागते, ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. संघ रांगेत उभे असतात आणि आपली पाळी आली की एक नाव घेतात. घेतलेल्या खेळाडूला ‘मला या संघात नको’ म्हणायची फारशी सोय नसते, कारण एनबीएत त्याच्याशी करार करायचा हक्क त्या एका संघाकडेच जातो. एनबीएत ३० संघ आहेत आणि ड्राफ्टच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे दर वर्षी जास्तीत जास्त साठ नावं.

रांग लागते ती उलटी. गेल्या हंगामात जो खराब खेळला तो पुढे, जो चांगला खेळला तो मागे. दुबळ्याला चांगला खेळाडू आधी मिळावा म्हणजे पुढे बरोबरी येईल, हा त्यामागचा विचार. पण मग पहिल्या नंबरसाठी संघ मुद्दाम हरतील, म्हणून वरच्या नंबरांसाठी सोडत काढतात. यंत्रात १४ चेंडू फिरवतात, त्यातले चार बाहेर येतात, आणि त्या चार आकड्यांची जुळणी ज्या संघाच्या नावावर असेल त्याला पहिला नंबर. २०१४ च्या सोडतीत क्लीव्हलँडला पहिला नंबर लागण्याची शक्यता अवघी १.७ टक्के होती. नंबर त्यांनाच लागला आणि त्यांनी अँड्र्यू विगिन्सला घेतलं.

आता महत्त्वाचा फरक. पहिल्या फेरीत निवड झाली तर करार ठरलेला असतो: किती वर्षं, किती पैसे, याचा तक्ताच आहे, आणि पहिल्या दोन वर्षांची रक्कम पक्की असते. दुसऱ्या फेरीत, म्हणजे एकतिसाव्या नंबरपासून पुढे, असं काहीच पक्कं नसतं. संघ नाव घेतो आणि हक्क आपल्याकडे ठेवतो. करार करेल किंवा नाही करणार. परदेशी खेळाडू असेल तर ‘राहा अजून वर्ष-दोन वर्षं तुमच्याच क्लबमध्ये, तयार झालास की बोलावतो’ असंही म्हणता येतं. त्याचा पगार तिकडचा क्लब देतो, एनबीएच्या संघाची जागा अडत नाही. योकिचच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नाव २०१४ मध्ये लागलं, डेन्व्हरला तो गेला २०१५ मध्ये. हे मधलं एक वर्ष त्याच्या फार कामी आलं. त्याकडे पुढे येतोच.

पोरगा कुठून आला

सोम्बोर हे सर्बियाच्या वायव्य टोकाचं शहर, हंगेरी आणि क्रोएशियाच्या सीमेजवळचं, पन्नास हजारांच्या आत वस्तीचं. योकिच तिथे १९ फेब्रुवारी १९९५ ला जन्मला. लहानशा घरात आई-वडील, आजी आणि तीन भाऊ. स्त्राहिन्या आणि नेमान्या हे दोघे त्याच्याहून बरेच मोठे आणि दोघेही बास्केटबॉल खेळणारे. तो चार वर्षांचा असताना, १९९९ मध्ये, सर्बियावर नाटोचे बॉम्ब पडत होते. भोंगे, अंधार आणि आसरा घेण्यासाठी धावाधाव, या त्याच्या अगदी पहिल्या आठवणींपैकी आहेत.

त्याचा जीव मात्र घोड्यांत होता. तिकडे एक शर्यत असते, त्यात घोड्याच्या पाठीवर बसत नाहीत. आपल्या बैलगाडा शर्यतीत छकडा असतो तशी हलकी दोन चाकांची गाडी घोड्यामागे जुंपतात आणि हाकणारा तिच्यावर बसतो. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, दुडक्या चालीनेच पळायचं. चाल मोडली तर शर्यत गेली. किशोरवयात योकिच तबेल्यात रमायचा, आणि बास्केटबॉल सोडून घोडेच हाकावेत असंही त्याच्या मनात होतं. उंची मात्र वाढत गेली. शेवटी ती सहा फूट अकरा इंचांवर थांबली.

आणि तो जाड होता. ही गोष्ट सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळी कथा तिच्याभोवती फिरते. दिवसाला तीन लिटर कोका-कोला प्यायचो, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. जोर काढायला सांगितलं तर एकही निघत नसे. उडी नाही, वेग नाही. कुठल्याही निवड चाचणीत अशा मुलाला पहिल्या पाच मिनिटांत बाजूला उभं करतात. मी केलं असतं. एकदा केलंही आहे, ते शेवटी सांगतो.

इथे अमेरिका आणि सर्बिया या दोन शिड्यांमधला फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत मुलगा शाळेच्या संघातून खेळतो, उन्हाळ्यात गावोगावच्या स्पर्धांत खेळणाऱ्या संघांबरोबर फिरतो, मग कॉलेज, मग ड्राफ्ट. ड्राफ्टच्या वर्षात एकोणीस वर्षं पूर्ण होणं आणि शाळा संपून किमान एक वर्ष, ही अट २००६ च्या ड्राफ्टपासून आहे. म्हणून मोठमोठे गुणी खेळाडू कॉलेजात एकच वर्ष काढून निघतात. या शिडीवर प्रत्येक पायरीला नवा प्रशिक्षक असतो, आणि त्याला याच हंगामात जिंकायचं असतं. साहजिकच जो आज उंच, आज वेगवान, तो आज खेळतो.

सर्बियात खेळ शाळेच्या हातात नाही, क्लबच्या हातात आहे. क्लबचे वयोगटांचे संघ असतात, वर त्याच क्लबचा व्यावसायिक संघ असतो. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तिथे तिशीतल्या पगारदार खेळाडूंबरोबर सराव करतो, त्यांच्या कोपरांचा मार खातो. शिवाय युगोस्लाव्हियाची जुनी परंपरा आहे. या देशाने १९७०, १९७८ आणि १९९० मध्ये जगज्जेतेपद आणि १९८० मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. तिथे उंच मुलालाही ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) आणि पास शिकवतात. ‘तू उंच आहेस, बास्केटखाली उभा राहा’ म्हणून सोडून देत नाहीत. योकिच कुटुंबाला दोन्ही शिड्या माहीत होत्या, कारण नेमान्या अमेरिकेत डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाच्या संघात खेळून आला होता.

धाकटा सोम्बोरहून नोव्ही साद शहरात व्होयवोदिना क्लबच्या कनिष्ठ संघात गेला. तिथल्या सामन्यांचे आकडे वर्तमानपत्रात छापून यायचे. बेलग्रेडचा एजंट मिश्को राझ्नातोविच याच्या नजरेला ते आकडे पडले. कनिष्ठ गटातला हा कोण मुलगा आहे, ज्याचे गुण आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आठवड्यामागून आठवडे एवढे मोठे येत आहेत? त्याने खेळ न पाहताच माणूस पाठवला आणि २०१२ च्या अखेरीस योकिच मेगा विझुरा क्लबमध्ये आला.

मला ही गोष्ट कळली तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसलो. समोर उभा केला असता तर नाकारला गेला असता असा मुलगा निवडला गेला, कारण निवडणाऱ्याने त्याचं पोट पाहिलं नव्हतं, फक्त खेळातून निघालेले आकडे पाहिले होते.

मेगाचा धंदा समजून घेण्यासारखा आहे. मोठे क्लब ट्रॉफीसाठी तयार खेळाडू विकत घेतात. मेगा तरुण मुलं घेतो, त्यांना भरपूर खेळवतो आणि मोठ्या बाजारात पाठवतो. मुलाचा करार मुदतीआधी सोडवून घ्यायचा तर क्लबला भरपाई मिळते आणि त्यावर क्लब चालतो. म्हणजे या क्लबला मुलाला आज सामना जिंकून देण्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं होऊ देण्यात जास्त फायदा असतो. एकट्या २०१६ च्या ड्राफ्टमध्ये मेगाचे तीन खेळाडू निवडले गेले.

तिथला प्रशिक्षक होता देयान मिलोयेविच. माणूस स्वतः एड्रियाटिक लीगचा तीनदा सर्वोत्तम खेळाडू. ही लीग म्हणजे सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया वगैरे शेजारी देशांच्या क्लबांची मिळून खेळली जाणारी स्पर्धा. मिलोयेविचने योकिचला सुरुवातीचे काही महिने सामन्यांपासून लांबच ठेवलं. आधी अंग तयार कर, म्हणाला. ते झाल्यावर त्याने उलटं धाडस केलं. या मठ्ठ दिसणाऱ्या सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच गड्याच्या, हातात चेंडू दिला आणि त्याला पास करू दिलं. चुकला तरी करू दिलं. ड्राफ्टनंतरचं जे मधलं वर्ष योकिच सर्बियात राहिला, त्या २०१४-१५ च्या हंगामात तो याच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेन्व्हरच्या बाकावर बसून ते वर्ष गेलं असतं तर हे झालं नसतं.

मिलोयेविच पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. जानेवारी २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीत असताना हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ४६. तरुण मुलावर असा धीर धरणारी माणसं प्रत्येक खेळात थोडीच असतात.

जे मोजता येत नाही

डेन्व्हरला गेल्यावरही सगळं सरळ झालं नाही. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमधून संघाने पहिल्या फेरीतला एक सेंटरही मिळवला होता: बोस्नियाचा युसुफ नुर्किच, सोळाव्या नंबरचा, अंगाने दणकट. त्याच्यावर संघाची भिस्त जास्त होती. २०१६-१७ च्या हंगामात प्रशिक्षक मायकल मलोनने दोघांना एकत्र खेळवून पाहिलं. दोन मोठी माणसं एकाच जागेत, कुणालाच हलायला वाव नाही. तेव्हा योकिच स्वतःच म्हणाला, मला बाकावरून आणा. काही आठवड्यांनी, १५ डिसेंबर २०१६ ला, मलोनने निर्णय फिरवला आणि योकिचला सेंटरच्या जागी सुरुवातीपासून उतरवलं. डेन्व्हरचं आक्रमण लीगमधल्या उत्तम आक्रमणांत जाऊन बसलं. फेब्रुवारीत नुर्किचला पोर्टलंडला पाठवलं. डेन्व्हरमध्ये लोक आजही त्या डिसेंबरच्या तारखेची आठवण काढतात.

त्याच्या खेळात असं आहे तरी काय, हे एका प्रसंगात दाखवतो. समोरच्याने मारलेला शॉट हुकतो, योकिच रिबाउंड घेतो. आपण मुलांना शिकवतो: चेंडू छातीशी घे, पाय घट्ट कर, वळ, पाहा, मग पास दे. तो चेंडू खाली आणतच नाही. दोन्ही हात डोक्यावर असतानाच मनगटाने तो पलीकडच्या बास्केटकडे भिरकावतो, आणि तिकडे त्याचा गडी एकटाच पळत पोचलेला असतो. म्हणजे चेंडू हवेत असताना, झेलायच्या आधी, त्याने मैदान पाहून ठेवलेलं असतं. कधी एकाच हाताने फेकतो, वॉटर पोलोत फेकतात तसा. सर्बियात वॉटर पोलो घराघरात पाहिला जाणारा खेळ आहे, आणि त्याचे हे पास पाहिले की ते लगेच कळतं.

आता ही गोष्ट निवड चाचणीत कशी मोजणार? ड्राफ्टच्या आधी शिकागोत मोठी चाचणी होते. तिथे खेळाडूची उंची, दोन्ही हात पसरून लांबी, जागेवरची उडी, धावून घेतलेली उडी, वेग, सगळं मोजतात. मोजणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. उंची आणि लांब हात या खेळात खरोखर लागतात. पण पास देण्याआधी डोक्यात काय चाललंय त्याला टेप लावता येत नाही. ते फक्त सामन्यात, इतर नऊ जणांच्या गर्दीत दिसतं, आणि तेही पाहणारा चेंडूऐवजी मुलाच्या डोळ्यांकडे पाहत असेल तर. २०२४-२५ च्या हंगामात योकिचची दर सामन्याची सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट (ज्यावर सोबत्याने बास्केट केली असे पास) अशी होती. तिन्ही आकडे दोन अंकी. कुठल्याही सेंटरने संपूर्ण हंगामात हे याआधी केलं नव्हतं.

निव्वळ अंगकाठीवर ठेवलेल्या आशेचं ओझं कसं असतं हे आपल्या देशानेही पाहिलं आहे. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकादमीतून चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला बावन्नाव्या नंबरवर घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. पण एनबीएच्या हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोष त्याचा नाही. त्याच्या वयाच्या मुलाने रोज व्यावसायिकांबरोबर खेळावं, चुकावं आणि पुन्हा खेळावं असा मेगासारखा क्लब आपल्याकडे नव्हता. शिडीच नव्हती, त्याला थेट गच्चीवर चढायला सांगितलं.

आता पैशांचं, कारण त्यातही दुसऱ्या फेरीची एक गंमत आहे. योकिचचा पहिला करार चार वर्षांचा होता आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघाच्या मर्जीवर होतं. चौथ्या वर्षाचा पगार होता सुमारे १६ लाख डॉलर. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत तो संघाचा कणा झाला होता. इतका स्वस्त खेळाडू कोण सोडेल? डेन्व्हरने ते वर्ष आपणहून नाकारलं. का? नियम असा की तीन वर्षं झालेला खेळाडू मोकळा झाला तर दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार त्याचा जुना संघ तेवढेच पैसे देऊन आपल्याकडे वळवू शकतो. चार वर्षांनंतर ही सोय राहत नाही, तो कुठेही जाऊ शकतो. म्हणजे एक वर्ष स्वस्तात वापरलं असतं तर पुढच्या वर्षी तो हातचा जाण्याची भीती होती. म्हणून १६ लाखांवर पाणी सोडून त्यांनी त्याच उन्हाळ्यात पाच वर्षांचा सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. पुढे २०२२ मध्ये त्याला पाच वर्षांचे २७ कोटी डॉलरच्या घरातले पैसे मिळाले. एवढी रक्कम देता आली, कारण सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेल्याला संघाच्या पगारमर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत सुरुवातीचा पगार देण्याची मुभा नियमात आहे.

१३ जून २०२३. अमेरिकेत रात्र होती, आपल्याकडे सकाळ, शाळेच्या बस निघायची वेळ. अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात डेन्व्हरने मायामीला ९४-८९ असं हरवलं. योकिचचे २८ गुण, १६ रिबाउंड. सोबती नाचत असताना तो आधी हरलेल्या मायामीच्या खेळाडूंशी हात मिळवत फिरला. मग काम झालं, आता घरी जाऊ, असं म्हणाला. मिरवणूक गुरुवारी आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण रविवारी सोम्बोरला घोड्यांची शर्यत होती.

आता मघाशी म्हटलं ते. काही वर्षांपूर्वी आमच्या निवड चाचणीला आठवीतला एक जाडगेला मुलगा आला होता. पळून पळून त्याला धाप लागली आणि मी त्याला बाजूला बसवलं. चाचणीच्या शेवटी मुलं कमी पडली म्हणून दहा मिनिटांसाठी आत घेतलं. त्याने तीन पास दिले, तिन्ही न बघता, आणि तिन्ही माझ्या सगळ्यात वेगवान मुलाच्या हातातून निसटले, कारण तिथे पास येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. मी वहीत लिहिलं: वजन कमी करून पुढच्या वर्षी ये. तो आला नाही.

या जूनपासून मी चाचणीचा क्रम बदलला आहे. पळापळी, उड्या, उंचीची मापं हे सगळं शेवटी. आधी पाच-पाचचे सामने, आणि त्यात ड्रिबलला बंदी, फक्त पास. मी बाजूला उभा राहतो, आणि चेंडू मिळायच्या आधी कुणाची मान वळते ते वहीत टिपून ठेवतो.